कंसातलं नाव

२०१८ सालची दिवाळी. भाऊबीजेला बोईसरला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि नेहमीप्रमाणे गप्पांना बसलो. ताईचा नातू मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो संगणक विभागात आहे. मी मास्तरकीच्या सवयीने विचारलं, "काय रे, सणाच्या दिवशीसुद्धा काम?"

"आजोबा, जुनी पॅकेजेस सर्व्हरवर टाकतोय."

पॅकेज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पार्सल आलं. मी तसं म्हटल्यावर तो हसला, लॅपटॉप बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने मला अर्धा तास शिकवलं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता नातवंडांकडून शिकायची पाळी. पण त्या अर्ध्या तासाने माझ्या मनातली एक जुनी गोष्ट ढवळून वर आणली. ती लिहायची की नाही, यात बरीच वर्षं गेली. आज लिहितो आहे.

आधी त्याने सांगितलेलं, मला समजलं तसं.

कारखान्यात माहिती एका जागी जन्माला येत नाही. फाटकावरच्या वजनकाट्याचा संगणक वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, मालाच्या रवानगीचा वेगळा. प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी. एक किलोत लिहितो, दुसरा टनात. एक तारीख आधी आणि महिना नंतर लिहितो, दुसरा अमेरिकन पद्धतीने उलटं. ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची सहज अदलाबदल व्हावी! रोज रात्री ही सगळी माहिती गोळा करायची, निवडायची, एका मापात आणायची आणि मोठ्या डेटाबेसात नेऊन ठेवायची. हे काम कोणत्या क्रमाने करायचं याची जी लेखी कृती, ती म्हणजे पॅकेज. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरबरोबर १९९८ च्या सुमारास अशी सोय पहिल्यांदा आली, आणि २००५ मध्ये तिचं नवं रूप आलं, 'इंटिग्रेशन सर्व्हिसेस' नावाचं. त्यांच्याकडे २००८ ची आवृत्ती चालू होती.

त्याच्या आधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ होते त्यांनी ही पॅकेजेस स्वतःच्या संगणकावर फाइलींच्या रूपात ठेवली होती. ते नोकरी सोडून गेले. नेहमीच्या पद्धतीत पॅकेजमधली गुप्त माहिती, म्हणजे पासवर्ड वगैरे, ज्याने ते तयार केलं त्याच्याच किल्लीने कुलूपबंद होते. फाइल उघडते, कृती वाचता येते, पण पासवर्डांची जागा रिकामी दिसते. शिवाय तो संगणक बंद पडला तर सगळंच गेलं. म्हणून हा मुलगा छोटासा प्रोग्राम लिहीत होता. प्रोग्रामने एकेक फाइल उघडायची, पासवर्ड नव्याने भरायचे, कुलपाची पद्धत बदलून 'सर्व्हरच्या भरवशावर' अशी करायची, आणि मग 'सेव्ह टू एसक्यूएल सर्व्हर' असा हुकूम द्यायचा. त्या हुकुमासरशी पॅकेज सर्व्हरवरच्या 'एमएसडीबी' नावाच्या डेटाबेसात एका तक्त्याची ओळ बनून बसतं. सर्व्हरचा रोजचा बॅकअप होतो, त्यात तेही आलं. ते कुणी पाहायचं, कुणी चालवायचं आणि कुणी बदलायचं, याच्याही तीन पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात.

"हाताने एकेक का नाही टाकत?" मी विचारलं.

"साठ-सत्तर आहेत, आजोबा. हाताने केलं की एखादं सुटतंच. आणि सुटलेलं कळतही नाही, कारण जे नाही ते दिसत कसं?"

हे वाक्य त्याने अगदी सहज टाकलं. पण माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. का, ते पुढे सांगतो.

घरी पालघरला परत येताना गाडीत विचार करत होतो. इतिहास शिकवलेल्या माणसाला प्रत्येक नव्या गोष्टीत जुनी दिसते. मला आधी पुण्याचं पेशवे दफ्तर आठवलं. तिथे कागद रुमालांत बांधून ठेवलेले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. असे हजारो रुमाल. १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या त्या दगडी इमारतीत ते आजही आहेत, आणि त्यांतूनच गो. स. सरदेसायांनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. म्हणजे पॅकेज हा संगणकाचा रुमालच की!

पण पालघर येईपर्यंत माझं मलाच पटेना. रुमालात माहिती असते. पॅकेजात माहिती नसते, माहिती कशी हलवायची आणि कशी बदलायची ते असतं. मग आपल्या जुन्या दफ्तरात त्याच्या जवळचं काय? आणि उत्तर सापडलं तेव्हा जरा चमकलो. फेरफार! गाव नमुना ६.

ज्यांना जमिनीशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो.

जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीत ती बसवली, पुढे शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंची मोजणी झाली. इंग्रजांचा पहिला प्रयत्न, १८२० च्या दशकातला प्रिंगलसाहेबाचा, पुणे भागात फसला. मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली, आणि तीच पद्धत हळूहळू मुंबई इलाखाभर गेली. शतकाच्या मध्यावर ती आपल्या ठाणे जिल्ह्यातही आली. तेव्हा आपल्या या भागाला माहीम तालुका म्हणत, केळवे-माहीम मधलं माहीम. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आम्ही चौथीच्या मुलांना हे घोकून घ्यायचो. ३३ गुणिले ३३ बरोबर १०८९, त्याला ४० ने गुणा, ४३,५६०. पुढे दशमान पद्धत आली आणि एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर झालं. तेव्हाही प्रत्येक गावचं दफ्तर एका मापातून दुसऱ्या मापात नेलं गेलं. मुलगा किलो-टनाचं सांगत होता तेव्हा मला तेच आठवलं.

पण या मोजणीने एवढंच ठरलं की कुठल्या तुकड्याचा सारा किती आणि तो कोण भरतो. त्या जमिनीत आणखी कुणाकुणाचे हक्क आहेत, गहाण कुणाकडे, वारस कोण, कूळ कोण, हे कळायला मार्ग नव्हता. तो १९०३ च्या कायद्याने काढला. हक्कनोंदणीचा कायदा म्हणतात तो हा. १९१३ मध्ये तो जमीन महसुलाच्या मूळ कायद्यातच सामावून घेतला. गावच्या दफ्तराला ठराविक नमुने आणि नंबर मिळाले, एकूण २१. त्यांतला सातवा म्हणजे हक्काचा आणि बारावा म्हणजे पिकांचा. दोन्ही एका कागदावर छापतात, म्हणून सातबारा.

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याच्यामागे उभा असलेला सहावा नमुना, फेरफार नोंदवही, याची आठवण भांडण झाल्याशिवाय कुणाला येत नाही. सातबाऱ्यावर कुठलाही हक्क आपोआप बदलत नाही. खरेदी झाली, मृत्यू झाला, वाटणी झाली की आधी फेरफार लिहायचा. कुणाचं काय, कशामुळे, कुणाकडे गेलं, कोणत्या तारखेला वर्दी आली. मग संबंधितांना नोटिसा, हरकतीला १५ दिवस, आणि शेवटी मंडल अधिकाऱ्याचा शेरा आणि सही. हरकत आली तर ते प्रकरण तक्रारीच्या वेगळ्या नोंदवहीत. नोंद मंजूर झाली की मगच सातबाऱ्यावर नवं नाव, आणि नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, पाहण्याचा हक्क सगळ्यांना. मुलाने सांगितलेल्या तीन पायऱ्या आणखी काय वेगळ्या होत्या!

आणि जुनं नाव? ते खोडत नसत. त्याला कंस करत. तलाठ्याच्या बोलण्यात 'नाव कंस झालं' म्हणजे माणूस त्या जमिनीतून गेला. पण कंसातलं नाव वाचता येतं. गेलेला माणूस कागदावर दिसत राहतो. मला ही पद्धत फार सभ्य वाटते.

आपल्या भागाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा असेल तर लढाया आणि राजे सोडा, गावोगावचे फेरफार वाचा असं मी निवृत्त होईपर्यंत मुलांना सांगत आलो. १९४५ चं वारल्यांचं आंदोलन तलासरी-डहाणूकडे पेटलं. त्यामागची वेठ आणि सावकारी या वहीत सरळ लिहिलेली नाही, पण कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली ते लिहिलेलं आहे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्या कुळांची नावं मालकाच्या जागी येऊ लागली. एकेका गावात त्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली. साठच्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्रासाठी जमीन गेली. जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. मग एमआयडीसी आली आणि सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या बाजूच्या शेतांची प्लॉटं झाली. १९७४-७५ च्या कायद्यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट काढली, त्यांचेही फेरफार झाले. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, त्या भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. आणि आता मालगाड्यांचा मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन. प्रत्येक वेळी कुणाचं तरी नाव कंसात गेलं.

आता संगणकाकडे येतो. देशात जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचं रूप मिळालं. आपल्याकडे हाताने लिहिलेले सातबारे बघून माहिती टाइप करण्याचं अवाढव्य काम झालं. मग ई-फेरफार आला. टाइप केलेलं आणि हाताने लिहिलेलं जुळतं का, ते तपासायला आणि दुरुस्त करायला वेगळी सोय केली, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. म्हणजे गावकऱ्यांना बोलावून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, चूक असेल तर सांगा म्हणायचं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, घरबसल्या. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करायची ई-पीक पाहणी आली. हे सगळं चांगलंच झालं. सातबाऱ्यासाठी सज्जावर चार-चार हेलपाटे घातलेले आम्ही लोक, आम्हाला त्याची किंमत कळते.

आता ती करंजी हातात राहिल्याची गोष्ट.

वडील १९७९ मध्ये गेले. वारसाचा फेरफार झाला. आई, मी, धाकटा भाऊ आणि ताई अशी चार नावं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आम्हा भावांची नावं कब्जेदार सदरी लागली आणि लग्न झालेल्या ताईचं नाव 'इतर हक्कात'. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मागे मुलीचा हक्क मुलाइतकाच होता, पण कागदावरची जागा अशी दुय्यम. तरी नाव होतं. पुढे आई गेली, तिचं नाव कंस झालं. हाताने लिहिलेल्या त्या जुन्या सातबाऱ्याची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे.

२०१७ च्या चावडी वाचनाला मी गेलो होतो. आमचा गट नंबर आला. माझं नाव वाचलं, भावाचं वाचलं, क्षेत्र वाचलं, आणि पुढचा गट सुरू झाला. इतर हक्कात काही नव्हतं. टाइप करताना ताईचं नाव सुटलं होतं.

वाचणाऱ्याने नंतर विचारलंसुद्धा, "कुणाची हरकत?"

मी बोललो नाही.

आज तो क्षण आठवला की मान खाली जाते. मी काही केलं नव्हतं. खोटी सही नाही, खोटा कागद नाही. सुटलं ते टाइप करणाऱ्याच्या हातून. पण चावडी वाचन मुळात याचसाठी होतं, आणि चूक ओळखू शकणारा त्या खोलीतला मी एकटाच माणूस होतो. महामार्ग आणि बुलेट ट्रेनच्या बातम्यांनी जमिनीला भाव आला होता. भाऊ म्हणाला, "राहू दे दादा, ताईने कधी मागितलंय का?" ते खरंच होतं. ताईने कधी काही मागितलं नाही. त्याच आधारावर मी दीड वर्ष काढलं, आणि त्या काळात दोनदा भाऊबीजेचं ओवाळूनही घेतलं.

आणि तिचाच नातू मला सांगत होता, जे नाही ते दिसत कसं.

त्या दिवशी त्याला मी आणखी एक विचारलं होतं. नवं पॅकेज सर्व्हरवर टाकलं की जुन्याचं काय होतं? तो म्हणाला, त्याच नावाचं असेल तर त्याच्यावरच लिहिलं जातं, जुनं जातं. म्हणून तो प्रत्येक पॅकेजात आवृत्तीचा नंबर आणि काय बदललं त्याची ओळ लिहीत होता, आणि जुन्या फाइलीही वेगळ्या ठेवत होता. २०१२ नंतरच्या आवृत्तीत सर्व्हर स्वतःच मागच्या काही प्रती सांभाळतो, पण त्यांच्याकडे ती नव्हती. "कुणी बदललं, कधी, का, हे लिहिलेलं नसेल तर आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?" असं तो म्हणाला. विशी-पंचविशीचं पोर! फेरफार नोंदवही त्याने आयुष्यात पाहिली नव्हती, पण १९०३ च्या कायद्यामागचं तत्त्व त्याने मला एका वाक्यात सांगितलं.

दिवाळी संपली आणि मी ट्रंक उघडली. जुनी नक्कल काढली. तिच्यावर ताईच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर होता. त्या नंबरावरून १९७९ च्या फेरफाराची नक्कल मिळाली. त्यात चारही नावं, मंजुरीचा शेरा, सही, सगळं शाबूत. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळी शाई. संगणकातली ओळ गळली होती, पण ती ओळ कुठून आली हे सांगणारा कागद जिवंत होता. महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनातली चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. कलम १५७ म्हणतं की नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच मानायची. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर ती गळलेली नोंदच खरी म्हणून चालत राहिली असती, आणि आम्ही दोघे भाऊ गेल्यावर मुलांना काही कळायचं कारणच उरलं नसतं.

भावाशी दोन संध्याकाळी बोललो. पहिल्या संध्याकाळी वाद झाला. दुसऱ्या संध्याकाळी मी फेरफाराची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. त्याने वडिलांचं नाव वाचलं, बराच वेळ कागद हातात धरून बसला आणि म्हणाला, "कर अर्ज." २०१९ मध्ये आदेश झाला आणि ताईचं नाव लागलं.

नवा सातबारा घेऊन बोईसरला गेलो आणि तिला सगळं सांगितलं, चावडीतल्या गप्प बसण्यासकट. ती चष्मा लावून बराच वेळ कागद बघत होती. मग म्हणाली, "बाबांच्या नावाला कंस केलाय रे." मी म्हटलं, "हो ताई, त्यांचं नाव जुन्या उताऱ्यावर आहे, कंसात." तिने दोन्ही कागद एकत्र घडी घालून देवाजवळ ठेवले. मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि विचारलं, "हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का?" मी नाही म्हटलं. "मग बरं केलंस," म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई आता ऐंशीच्या घरात आहे. हे छापू का म्हणून तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "लिही, पण पोरांनी वाचलं पाहिजे." म्हणून भाचे, पुतणे, नातवंडं सगळ्यांना सांगतो. संगणकातला सातबारा काढाल तेव्हा जुना हस्तलिखित उतारा शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. आत्या, मावशी, बहिणी यांची नावं आधी शोधा, कारण तीच बहुधा इतर हक्कात, कडेला लिहिलेली असतात आणि कडेचंच आधी गळतं. फेरफाराचे नंबर एका वहीत उतरवून ठेवा.

असो. ट्रंक अजून माझ्या खाटेखाली आहे. तिची किल्ली आता दोघांकडे आहे, एक माझ्याकडे, एक ताईच्या नातवाकडे.